गल्ली सुरक्षित करायचीय? आधी ओटला तोडा

इंदुरात राजवाड्याच्या मागे, आडा बाजारात, पंढरीनाथाच्या बाजूला, म्हणजे जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकाला मागे जावंच लागतं अशा कुठल्याही गल्लीत तुम्ही राहत असाल तर हे तुमच्यासाठी. राजेंद्रनगरवाल्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल, तुमच्या मल्टीला, म्हणजे अपार्टमेंटला, गेट आहे, गेटवर माणूस आहे, माणूस झोपलेला आहे, सगळं व्यवस्थित आहे.

आमच्या गल्लीत गेल्या दोन महिन्यांत तीन मोबाईल गेले, एक स्कूटर गेली आणि कोपऱ्यावरच्या काकूंचं मंगळसूत्र गेलं. अर्धं गेलं, अर्धं त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवलं, त्यांचा सत्कार करायचाय पण हार कोणी आणायचा ते ठरत नाहीये. मग मीटिंग झाली. पोहे झाले, शेव संपली, परत आणली, आणि सुरक्षेचे जे जे उपाय निघाले ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की अरे हे सगळं तर आपण पंधरा वर्षं करतच आलोय, फक्त कोणी नीट क्रमाने लिहून ठेवलेलं नाही. म्हणून हा खटाटोप.

तर पहिली पायरी म्हणजे ओटल्याची पायरी, ती तोडा. मागोमाग ओटला. जुन्या घरांपुढे तो दगडी ओटला असायचा बघा, संध्याकाळी त्यावर आजी मेथी निवडत बसायची, आजोबा सकाळचाच पेपर परत वाचायचे, पोरं पायरीवर, आणि समोरच्या ओटल्यावर समोरची आजी, म्हणजे गल्लीच्या दोन्ही बाजूंनी पहारा आणि तोही बिनपगारी. आता जरा चोराच्या बाजूने विचार करा. बिचारा गल्लीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला नऊ बायका विचारणार, कोण पाहिजे रे, कोणाकडे आलास, त्यांच्याकडे का, ते तर महेश्वरला गेलेत तुला माहीत नाही, मग तू कसला त्यांचा भाचा, आईचं नाव काय तुझ्या. असल्या वातावरणात कोणी काम कसं करायचं? ओटला काढला की तिथे कार लागते, कार लागली की दारात बसायला जागा उरत नाही, मग सगळे आत, आत टीव्ही, दार बंद, आणि रात्री साडेनऊला गल्ली अशी शांत होते की कुलूप तोडल्याचा आवाज तुम्हाला आलाच तर तो सिरियलमधला वाटतो. काही ओटले नगर निगमाने रस्ता रुंद करताना नेले हे खरं, पण आपण स्वतः हौसेने तोडलेले काही कमी नाहीत, श्रेय वाटून घेऊ.

मग कॅमेरे लावा. चार लावा, आठ लावा, पण सगळे स्वतःच्या कारवर रोखलेले पाहिजेत, गल्लीकडे चुकूनही नको, नाहीतर शेजारी म्हणतील आमच्या बायकामुलींवर नजर ठेवता का. लावून झाल्यावर परत बघायचे नाहीत. कोळी त्याच्यावर जाळं विणेल, रात्री त्या जाळ्यावर लाल उजेड पडून सगळं पांढरं दिसेल, ते सोडून द्या. बाईकची नंबर प्लेट हवी असेल तर तीही रात्री त्या इन्फ्रारेड उजेडात चमकते आणि आकड्यांच्या जागी नुसता पांढरा चौकोन येतो, जणू चोराने कोरी गाडी आणली होती. हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून त्यावरच नवीन रेकॉर्ड होतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून फुटेज मागायला आपण नेमके वीस दिवसांनी जातो. आणि मिळालंच तर पुढे कोर्टात ते चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट. आमच्या गल्लीत हॅश म्हणजे काय हे फक्त एका पोराला माहितीय आणि तो पुण्याला असतो.

व्हॉट्सॲप ग्रुप मात्र हवाच. नाव ठेवा 'सुरक्षा समिती'. त्यात सकाळी सुप्रभात, गुरुवारी दत्तगुरू, आणि 'सावधान, मुलं पळवणारी टोळी फिरतेय' हा सात वर्षांपूर्वीचा मेसेज दर पावसाळ्यात. मंगळसूत्र गेलं त्या संध्याकाळी काकूंच्या सुनेने ग्रुपवर लिहिलं, दोन मुलं काळ्या बाईकवर गोराकुंडकडे गेलीत, कोणी बघा. त्यावर चौदा जणांनी हात जोडले. एकाने वाढदिवसाचा केक टाकला, तो चुकून या ग्रुपवर आला असं नंतर म्हणाला. ११२ ला फोन कोणी केला? कोणीच नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केला असेल, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

गावाला जाताना स्टेटस टाका, हे सांगायला नको. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली.

कचरा गाडीची वेळ पाळा. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आपण सगळे डबे घेऊन बाहेर, घरं मागे सताड उघडी, आणि गाडीच्या पाठीमागे उभं राहून प्लॅस्टिक कुठे, ओला कुठे, सुईऔषधं कुठे हे इतक्या भक्तिभावाने चाललेलं असतं की आत कोणी येऊन फ्रीजमधलं श्रीखंड खाऊन गेलं तरी कळणार नाही. आपलं इंदूर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं, उगाच नाही २०१७ पासून सारखा पहिला नंबर येत.

आणि हीच शिस्त थान्यावर, म्हणजे पोलीस ठाण्यात, उलटी होते, हे समजून घ्या म्हणजे त्रास होणार नाही. कचऱ्याचे सहा डबे पण मोबाईलचा एकच, त्याचं नाव 'गुम', म्हणजे हरवला. खिशातून गेला, गुम. हातातून हिसकावला, गुम. मी स्वतः एका थान्यात (कुठला ते विचारू नका, मला त्याच भागात राहायचंय) गेलो, आवेदनात लिहिलं की बाईकवरून आलेल्या दोघांनी मोबाईल हिसकावला. तिथल्या साहेबांनी ते प्रेमाने वाचलं आणि म्हणाले, "भिया, ये हिसकाया-विसकाया मत लिखो, लिखो कहीं गिर गया, सिम तुरंत चालू हो जाएगी." मी विचार केला, खरंच पडला असेल का? हातातून त्यांच्या हातात पडला असेल. लिहून दिलं. त्यामुळे काय झालं, माझं सिम चालू झालं, त्यांचं रजिस्टर स्वच्छ राहिलं. स्वच्छतेत आपण नंबर एक आहोत ते सगळ्याच अंगांनी.

इथे काही आगाऊ लोक कायदा सांगतात, त्यांच्यापासून जरा जपून राहा. ते सांगतील की १ जुलै २०२४ पासून नवीन कायदे लागू झालेत, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये झपटमारी हा वेगळा गुन्हाच आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, जुन्या आयपीसीत असं वेगळं कलम नव्हतं. सांगतील की नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही थान्यात देता येते, 'ही हद्द आमची नाही, नाल्याच्या पलीकडे जा' असं सांगून परत पाठवता येत नाही, ऑनलाईनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची, आणि एफआयआरची नक्कल फुकट मिळते. वर हेही सांगतील की खोक्यावरचा आयएमईआय नंबर जपून ठेवा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर टाकला की तो फोन देशभरात बंद पडतो. असली माहिती ऐकून लोक हट्टाला पेटतात, थान्यात दोन तास बसतात, मग खरोखर गुन्हा नोंदवला जातो, आकडा वाढतो, आकडा वाढला की त्या गल्लीत गस्त वाढवावी लागते. कशाला कोणाला कामाला लावायचं. खोकं रद्दीवाल्याला द्या.

वयस्कर बायकांसाठी वेगळा सल्ला. माझी आत्या जेल रोडवरून येत होती, दोन सभ्य माणसं भेटली, केस बारीक, बूट तपकिरी. "माताजी, आगे मर्डर हो गया है, चेकिंग चल रही है, गहने उतारकर रूमाल में बांध लो." स्वतःच बांधून दिले, गाठ पण मारून दिली, माताजींनी आशीर्वाद दिला. घरी येऊन उघडलं तर गिट्टी. आत्याला सोन्यापेक्षा आशीर्वाद गेल्याचं दुःख जास्त आहे. तर ओळखायचं कसं, तर सोपं आहे, जो तुमच्याशी नम्रपणे बोलतो, तुमच्या दागिन्यांची काळजी करतो आणि उन्हात उभं राहून वेळ देतो तो खरा पोलीस नसतो, इतकं साधं आत्याला कळायला हवं होतं. हाच माणूस हल्ली व्हिडिओ कॉलवर डिजिटल अरेस्टही करतो. तसली अरेस्ट कुठल्याही कायद्यात नाही, पण पैसे गेल्यावर सायबर हेल्पलाईनच्या १९३० ला लगेच फोन करू नका, दोन दिवस लाजेत घालवा, पैसे पुढच्या खात्यात जायला तेवढा वेळ लागतोच.

भाडेकरू ठेवताना नीट चौकशी करा. लसूण खातो का, मैत्रीण येते का, रात्री उशिरा येतो का. आधार आणि थान्यात द्यायचा सत्यापनाचा फॉर्म, ते नंतर बघू म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवा, तिथे आधीच्या चार भाडेकरूंचे आहेत.

इतिहासातून पण शिकावं. अहिल्याबाईंच्या काळी डोंगरात भिल्ल वाटसरूंना लुटायचे, तर बाईंनी त्यांनाच रस्त्यांच्या रक्षणाची जबाबदारी दिली आणि त्याबद्दल वाटसरूंकडून थोडा कर घ्यायची मुभा दिली, भिलकवडी म्हणत त्याला. आपण ती परंपरा सोडलेली नाही. राजवाड्याजवळ कुठेही गाडी लावा, कोणीतरी येऊन पावती फाडतोच. फक्त पावतीवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाहन अपनी जोखिम पर रखें. कर चालू, रक्षण तेवढं बंद.

आता एक वाईट उदाहरण देतो, ते डोळ्यांपुढे ठेवून बरोबर त्याच्या उलट वागायचं. सराफा. शंभर पावलांवर आहे आपल्यापासून. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री शटर पडलं की त्याच दुकानांच्या ओटल्यांपुढे भुट्ट्याचा कीस, दहीवडे, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद, आणि रात्री दोनपर्यंत माणसाला पाय ठेवायला जागा नाही. जुने लोक सांगतात की सराफांनीच हे मुद्दाम चालू दिलं, माणसं खात उभी असली की दुकानाकडे कोण फिरकणार. म्हणजे करोडोंचं सोनं कोण राखतंय तर जिलेबी खाणारे. आता याला काय सुरक्षा म्हणायचं? ना ग्रुप, ना समिती, ना हॅश व्हॅल्यू. हल्ली काही सराफ म्हणतायत ही खाण्याची चौपाटी हलवा, गॅसच्या टाक्यांनी एक दिवस आग लागेल, आणि टाक्यांचं म्हणणं चूक नाही, एवढ्या बोळात मलाही भीती वाटते. पण माझा आपला एक बालिश प्रश्न, टाक्या हलवता येतात ना, मग माणसं का हलवायची?

असो. आमच्या गल्लीत आता एकच ओटला उरलाय, माईंचा. वय एक्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याने सगळं दिसतं. परवा एक पोरगा बिननंबरच्या बाईकवर आला, पत्ता विचारायला लागला. माईंनी त्याला पाणी दिलं, बसवलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, बाप काय करतो, गाडी कोणाची, नंबर का नाही, लग्न झालं का, आमच्या ओळखीत एक मुलगी आहे. पंचवीस मिनिटांनी तो अर्धा ग्लास तसाच ठेवून गेला, पत्ता न घेताच. संध्याकाळी ग्रुपवर तक्रार आली की माई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवतात, प्रायव्हसी नावाची काही गोष्ट आहे की नाही. मीही अंगठा दिला.

तसा प्रश्न सुटतच आलाय म्हणा. माईंच्या नातवाने गाडी बुक केलीय, काल मिस्त्री टेप घेऊन आला होता. माई ओटल्यावरच बसल्या होत्या, टेपचं एक टोक त्याने त्यांच्याच हातात दिलं. साडेपाच फूट निघतात म्हणाला, गाडी बसेल, आरसे मात्र आत दुमडावे लागतील.