‘गच्च धूर, बंद झाकण, तीन तास’ : एका फिरत्या कृतीची झडती

थंडी पडली की इंदूरच्या मराठी घरांत गराडू या कंदाबरोबर एक कृतीही फिरू लागते. मजकूर साधारण असा: डुकराचं बिनचरबीचं मांस आणि भाज्या एकत्रच झाकणाच्या कोळशाच्या शेगडीत जाळीवर ठेवा, ओल्या लाकडाचा गच्च धूर करा, झाकण आणि सगळी भोकं बंद करा, तीन तासांत हॉटेलसारखं स्मोक्ड पोर्क तयार. आतून गुलाबी दिसलं तर कच्चं समजा. एवढा खटाटोप नको असेल तर कुकरमध्ये शिजवून धुंगार (निखाऱ्यावर तूप टाकून धूर) द्या, तेच होतं. आणि धूर लागलेलं मांस चार दिवस बाहेर टिकतं.

शेवटचा दावा पोट बिघडवणारा आहे, बाकीचे रविवार बिघडवणारे. सगळ्या घोटाळ्याचं मूळ एकच: मांस आचेने शिजतं, धूर फक्त चव देतो, आणि या कृतीत धुरालाच आचेचं काम दिलंय.

आधी गच्च धूर. लाकडाला हवा कमी पडली की ते अर्धवट जळतं आणि पांढरा, दाट, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो. त्यातला डांबरासारखा अंश थंड मांसावर बसतो. मग कडवट चव येते, जीभ किंचित बधिर होते आणि पाहुणे ‘छान झालंय’ म्हणून फक्त पोळी-भाजी खातात. आपल्याला हवा असलेला धूर इतका विरळ असतो की उन्हात धड दिसतही नाही, नुसती निळसर झाक असते. म्हणून झाकणावरचं भोक शेवटपर्यंत पूर्ण उघडं ठेवायचं आणि आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकांनी. दोन्हीकडून बंद केलं तर निखारे गुदमरतात आणि मांसावर काजळी धरते.

ओल्या लाकडाने भर पडते ती याच दोषात. भिजवलेल्या ढलप्यांतलं पाणी आधी वाफ होऊन जातं, धूर त्यानंतर. आठ-दहा महिने वाळलेलं आंबा, पेरू किंवा जांभळाचं लाकूड घ्या. दोन किलो मांसाला मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात, तेही पहिल्या दोन-तीन तासांत. बाभूळ चालते, पण तिचा धूर जहाल, म्हणून निम्मीच. कडुनिंब कडू, निलगिरी आणि देवदार तेलकट, कण्हेर तर विषारीच. आरा मशीनवरून फुकट मिळालेल्या तुकड्यांत प्लायवूड किंवा रंग दिलेली फळी नाही ना, हे बघून घ्या. कोळसा लाकडीच हवा. दगडी कोळशातला गंधक मांसात उतरतो. पेटवायला रॉकेल नको: तेलाच्या रिकाम्या डब्याला खाली भोकं पाडा, तळाशी कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखाडी थर येतो, तेव्हा तो ओतायचा.

मांडणी साधी आहे. निखारे एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पाण्याचं पातेलं, मांस पातेल्याच्या वर. थेट निखाऱ्यांवर ठेवलंत तर चरबी ठिबकून भडका उडतो. ड्रम वापरणार असाल तर जस्ताचा मुलामा असलेला नको, रसायनाचा तर अजिबात नको.

आता ‘तीन तासांत तयार’. जाळीजवळ ११० ते १२० अंश सेल्सिअस ठेवलं तर खांद्याच्या दोन किलोंच्या तुकड्याला सात-आठ तास लागतात, वर एक तास विसावा. खांद्यात जोडऊती, म्हणजे मांसाचे धागे बांधून ठेवणारा चिवट भाग, भरपूर असते. ती विरघळून मांस बोटांनी सुटायला आतलं तापमान ९३ ते ९५ अंशांपर्यंत जावं लागतं, आणि तेही सावकाश. मध्ये एक जागा आहे जिथे बहुतेकांचा धीर सुटतो. ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा दोन-दोन तास हलत नाही. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं तेच इथे घडतं: पृष्ठभागावरचा ओलावा उडताना उष्णता घेऊन जातो. इथे घाबरून कोळसा वाढवला की बाहेरून करपतं आणि आतून चिवट राहतं. काही करायचंच असेल तर बाहेरचा रंग गडद झाल्यावर, ७२ अंशांच्या आसपास, फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबतं आणि काटा पुढे सरकतो. दर अर्ध्या तासाने झाकण उचलून बघणाऱ्यांनी तास-दीड तास जास्तीचा धरावा.

म्हणजे रविवारी दुपारच्या पंगतीला हे जमवायचं तर पहाटे चारला उठायला हवं. रात्रीचं जेवण ठरवणं शहाणपणाचं: दहाला कोळसा, अकराला मांस, सातच्या सुमारास उतरवायचं, आठला पानं. डिसेंबरात दिवस कलला की गच्चीवर वारा सुटतो आणि पत्रा भराभर निवतो. साडेतीन-चार किलो कोळसा हाताशी असू द्या आणि साधारण पाऊण तासाने पेटलेले सहा-सात तुकडे घालत राहा.

‘बिनचरबीचं’ हा सल्ला तब्येतीच्या काळजीपोटी आलेला दिसतो, पण इथे उलटा पडतो. कमरेचा बिनचरबीचा भाग ९० अंशांवर नेला तर भुसा होतो. तोच मिळाला असेल तर ६३ अंशांवर उतरवा, निदान तीन मिनिटं झाकून ठेवा आणि पातळ काप करा. किलोभराला दीड-दोन तास होतात. मीठ दोन्ही तुकड्यांना आदल्या रात्रीच, किलोला १५ ग्रॅम, आणि फ्रिजमध्ये उघडंच ठेवायचं. गोडा मसाला मात्र आठ तास धुरात ठेवू नका, त्याचा सुगंध उडतो आणि कडसरपणा उरतो. काळी मिरी, लाल तिखट, थोडा गूळ एवढं पुरे.

गुलाबी रंगाबद्दल थोडक्यात. धुरातले वायू मांसातल्या लाल रंगद्रव्याशी जोडले जातात आणि कडेला गुलाबी पट्टा पडतो. तो पूर्ण शिजलेल्या मांसातही राहतो. कृमींची भीती खरी आहे, पण रंग बघून ती मिटत नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि आधी उकळत्या पाण्यात तपासा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने इथे तो ९८ च्या आसपास दाखवायला हवा. १०० दाखवला तर तोच चुकतोय. झाकणावरच्या घड्याळासारख्या तापमापकावर विसंबू नका, ते जाळीजवळचं तापमान सांगत नाही.

भाज्या मांसाबरोबर सकाळीच ठेवल्या तर संध्याकाळी जाळीवर सुरकुत्या उरतात. या आचेवर अर्धे चिरलेले कांदे दोन-अडीच तास घेतात, अख्खे बटाटे आणि रताळी तीन तास, सालीसकट भुट्टे दीड तास, अर्धे टोमॅटो तासभर, पनीर अर्धा तास. गराडू आधी दहा मिनिटं उकडून घ्या, नाहीतर चरचरीत राहतो. भरताचं वांगं इथे वाया जातं, साल चामड्यासारखी होते. ते थेट निखाऱ्यांवरच भाजा. घरात शाकाहारी असतील, आणि आपल्याकडे निम्मं घर असतंच, तर भाज्या घासलेल्या जाळीवर मांसाच्या आधी करून काढा. निदान वरच्या जाळीवर ठेवा, म्हणजे चरबी त्यांच्यावर ठिबकणार नाही.

कुकर आणि धुंगाराला नावं ठेवायचं कारण नाही. कुकरमधल्या डुकराच्या मांसाचा रस्सा झकास होतो, आणि निखाऱ्यावर तूप टाकून पाच मिनिटं झाकलं की डाळ, भरीत दोन्ही खुलतं. फक्त तो वास वरवरचा असतो. मांसावरची वाळलेली गडद साल आणि धाग्यांत मुरलेली चव त्यातून येत नाही, तेव्हा ‘तेच होतं’ हे खोटं. फ्लॅटमध्ये थंडीला दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवणं तर जिवावरचं काम. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गच्ची किंवा अंगणच हवं.

राहिलं टिकण्याचं. पूर्वी धूर दिलेलं मांस टिकायचं ते भरपूर मीठ आणि कडक वाळवण यांमुळे. आपल्या तुकड्यात मीठ दीड टक्का आणि आतून तो ओलाच. बाहेर दोन तास, मे महिन्यात एकच. त्याआधीच गरम असताना मांस सोडवून उथळ डब्यांत भरा आणि फ्रिजमध्ये टाका. तीन-चार दिवसांत संपवा. फॉइलमध्ये साचलेला रस गाळून वेगळा ठेवा, वरची गोठलेली चरबी काढा आणि गरम करताना तोच घालून मांस ७४ अंशांपर्यंत न्या.