मारियानो रिव्हेरा आणि त्याचा एकच चेंडू

'शेवटच्या एका इनिंगपुरता येणारा पिचर, त्याचं एवढं कौतुक कशाला?' बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यँकीज संघाच्या मारियानो रिव्हेराबद्दल हा प्रश्न अजून ऐकू येतो. ६५२ सेव्हचा, म्हणजे आघाडी राखून सामना संपवल्याच्या नोंदींचा, विक्रम दाखवून तो मिटत नाही, कारण तीन रनची आघाडी राखूनही सेव्ह मिळतो. उत्तर त्याच्या चेंडूत आहे.

पनामातल्या मच्छीमाराचा हा मुलगा. १९९७ साली संघातल्या रामिरो मेंडोझासोबत सराव करताना त्याचा चेंडू आपोआप वळायला लागला. तो सरळ करायचा प्रयत्न झाला, जमलं नाही, आणि पुढची सगळी कारकीर्द त्या वळणाऱ्या चेंडूवरच, म्हणजे कटरवरच, उभी राहिली.

पकड जवळजवळ साध्या फोर-सीम फास्टबॉलची, म्हणजे सरळ वेगवान चेंडूची. बोटं मध्यावरून किंचित सरकवलेली, आणि सुटताना मधल्या बोटाचा जोर. दिशा आपल्या लेग कटरची, पण टप्पा न पडता, हवेतच, तेही ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. बॅटरला तो सरळ फास्टबॉलच दिसतो. होम प्लेटजवळ, म्हणजे बॅटरसमोरच्या पाटीजवळ, चेंडू काही इंच सरकतो, तोवर बॅट निघालेली असते. डावखुऱ्याच्या बॅटची जाड बाजू हुकते, चेंडू मुठीजवळ लागतो आणि लाकूड तुटतं. एरवी उजव्या हाताच्या पिचरसमोर डावखुऱ्यांची चंगळ असते, इथे मात्र दोन्ही हातांनी खेळणारे काही बॅटर चक्क उजव्या बाजूला उभे राहायचे.

हा चेंडू बिघडायलाही वेळ लागत नाही. सुटताना हात चेंडूच्या बाजूने फिरला की वेग पडतो आणि त्याचा स्लायडर, म्हणजे जास्त वळणारा पण संथ चेंडू, होतो. वळलाच नाही आणि प्लेटच्या मधोमध आला, तर होमरन. रिव्हेराची खरी करामत वळणात नव्हतीच, तोच हात तसाच फिरवून प्लेटच्या दोन्ही कडा गाठण्यात होती.

२००१ च्या वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना त्याचं अपयश म्हणून सांगतात. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये बंटवर (बॅटने नुसत्या ढकललेल्या चेंडूवर) त्याचा दुसऱ्या बेसकडचा थ्रो चुकला, समोरच्या टोनी वोमॅकच्या डबलने (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्याने) बरोबरी झाली, हे खरंच. पण शेवटचा चेंडू बघा. तिन्ही बेसवर धावणारे, एक आउट, तिसऱ्या बेसवरचा विजयी रन रोखायला इनफिल्ड, म्हणजे बेसजवळचे फील्डर, पुढे ओढलेलं. कटर डावखुऱ्या लुईस गोन्झालेझच्या मुठीजवळ घुसला, बॅट तुटली, आणि चेंडू यँकीजचा फील्डर जेटर याच्या डोक्यावरून अलगद पडला. इनफिल्ड नेहमीच्या जागी असतं तर तो सोपा झेल होता. अर्थात मागे ठेवलं असतं तर जमिनीवरून जाणाऱ्या साध्या ग्राउंडरवरही रन गेला असता. माझ्या मते त्या चेंडूत दोष नव्हता.

आणि 'एकच इनिंग' म्हणणाऱ्यांनी पोस्टसीझनचे, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचे, आकडे काढावेत. १४१ इनिंग, त्यात फक्त ११ अर्न्ड रन (फील्डिंगच्या चुकांशिवाय दिलेले), म्हणजे ईआरए, दर नऊ इनिंगला असे रन, ०.७०. तेही वर्षातल्या सगळ्यात तगड्या संघांसमोर, आणि कितीदा तरी आठव्या इनिंगपासूनच येऊन. २०१९ मध्ये बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेमसाठी मतदान झालं तेव्हा ४२५ पैकी ४२५ मतं पडली. त्याआधी असं एकमत बेब रूथसारख्या दिग्गजासाठीही झालं नव्हतं.