पाऱ्याने सोनं काढा म्हणणारा तो मेसेज आधी पुसा

लगीनसराईच्या तोंडावर एक मेसेज लातूर-नांदेडकडच्या घरगुती ग्रुपांत फिरतोय. आज तो घरातल्याच माणसाने ‘किती चांगलं सांगितलंय’ म्हणून पाठवला, म्हणून हे लिहिणं भाग पडलं. त्याचं म्हणणं असं: हॉलमार्क म्हणजे निर्दोष खाणीतलं सोनं, मोडीच्या सोन्याने प्रदूषण शून्य, लॅबमधला हिरा पूर्ण स्वच्छ, आणि सोनाराच्या दुकानातली माती आणून पाऱ्याने घरीच सोनं काढा, ही म्हणे ‘जुनी निसर्गपूरक पद्धत’.

शेवटचंच आधी घेते, कारण त्याने माणसं आयुष्यभरासाठी आजारी पडतात. मातीत पारा कालवला की तो सोन्याचे कण धरतो. तो गोळा कापडातून कितीही पिळा, जवळपास निम्मा पारा आतच राहतो. पुढे मेसेज म्हणतो, वाटीत घालून गॅसवर ठेवा. पारा ३५७ अंशांना उकळतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि तोंडाला बांधलेला ओला रुमाल ती अडवत नाही. वरच्या पत्र्यावर, भिंतीवर, भांड्यांवर ती थंड होऊन बसते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात परत हवेत मिसळते. मेंदू, किडनी, पोटातलं बाळ, कुणीच सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या पारा-अहवालानुसार माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के पारा लहान सोनेखाणींतल्या याच पद्धतीने जातो. त्याच वर्षी भारताने पाऱ्याविरुद्धचा मिनामाता करार मान्य केला. याला निसर्गपूरक म्हणायचं?

झारेकरी, म्हणजे सोनाराच्या दुकानातली माती धुऊन सोनं काढणारे, तेही पारा वापरतात, हे खरं. पण त्यांचं खरं कसब परातीत आहे: माती पाण्यात घोळवायची, हलकं वाहून जातं, जड सोनं तळाला राहतं. पुढचं काम मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकणखाराने (बोरॅक्सने) होतं. फिलिपिन्समधल्या बेंगेटचे लहान खाणकामगार पाऱ्याशिवाय असंच सोनं काढतात.

हॉलमार्कमध्ये बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ सारखा कस आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. खाणीबद्दल त्यात एक अक्षर नाही. लॅबच्या हिऱ्याला खाण लागत नाही, पण वीज भरपूर लागते. ती कोळशाची असेल तर ‘स्वच्छ’ कसला?

मोडीच्या सोन्याने नवं खणणं वाचतं, एवढं मान्य. पण शून्य प्रदूषण नाही. गाळणीत, म्हणजे जुनं सोनं शुद्ध करताना, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग चांदी मिसळून नायट्रिक तेजाबात उकळतात. तपकिरी धूर निघतो. तो छातीत गेला तर कारागिराला त्या वेळी फारसं जाणवत नाही, काही तासांनी श्वास कोंडतो. तांब्याच्या पट्टीने चांदी काढून घेतली की निळं पाणी उरतं, त्यात तांबं आणि तेजाब. ते बऱ्याचदा तसंच नालीत जातं. चुन्याने तेजाब मारून तांब्याचा गाळ वेगळा करायला हवा. मोड देताना घटीबरोबर (वजनात धरल्या जाणाऱ्या तुटीबरोबर) सराफाला हेही विचारा: गाळणी कुठे होते, आणि ते निळं पाणी कुठे जातं?