दहा मीटरवर दुर्बीण कशाला?

गेल्या महिनाभरात एकच निरोप चार वेगवेगळ्या पालकांनी मला पाठवला. प्रत्येकाने खाली विचारलं होतं, ‘सर, हे खरं का?’ निरोप असा:

‘१० मीटर म्हणजे ओसरीवरून अंगणातली तुळस. ऑलिम्पिकवालेसुद्धा दुर्बीण लावूनच मारतात. मुलाला एअर रायफल घेताना ३-९×४० ची दुर्बीण लावूनच घ्या. बजेट कमी असेल तर रेड डॉट घ्या. त्याला पॅरॅलॅक्स नसतो, डोळा कुठेही ठेवला तरी चालतो. भोकातून बघायची पीप साइट आता जुनी झाली. आणि चष्मा असलेल्या मुलाला या खेळात घालू नका.’

मी कोल्हापुरात रविवारी नव्या मुलांना रायफल धरायला शिकवतो. मागच्या रविवारी सातवीतली एक मुलगी नवी कोरी रायफल घेऊन आली. वर हातभर लांब दुर्बीण, तिच्या वजनाने रायफल डावीकडे कलतेय, आणि पोरगी डोळा बारीक करून म्हणतेय, ‘सर, गोल दिसतच नाही, नुसतं धुकं आहे.’ दुकानदाराने ‘सेटच घ्या’ म्हणून गळ्यात मारली होती. तेव्हा ठरवलं की चौघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं.

पहिलं विधान ऑलिम्पिकचं. ते साफ खोटं आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावायला बंदी आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने मारायचा प्रकार) ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं, ते दुर्बिणीशिवाय. ५० मीटरवर! २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण, २०२२ ला कैरोत ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचं विश्वविजेतेपद, हे तर १० मीटरचेच, आणि तेही पीप साइटवर.

गैरसमज कुठून येतो ते कळतं. टीव्हीवर रायफलीच्या मागच्या टोकाला बटणं असलेली डबी दिसते, पुढच्या टोकाला नळी दिसते. लांबून बघणाऱ्याला ती दुर्बीणच वाटणार. पण मागच्या डबीत एक बारीक भोक असतं आणि पुढच्या नळीत एक कडी. लक्ष्य मोठं करून दाखवणारी काच कुठेच नसते. पॅरिसलाच तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचा फोटो गाजला, खिशात हात घालून साध्या चष्म्यावर पिस्तूल मारणारा. त्या फोटोखाली लोकांनी लिहिलं की बाकीचे यंत्रं लावून बसलेत. बाकीच्यांच्या तोंडावर होती ती चष्म्याची फ्रेम, एका डोळ्यापुढचा पडदा आणि उजेड आवरणारी झापड. मोठं करून दाखवणारं त्यांच्याकडेही काही नव्हतं.

दुसरं, ‘१० मीटर म्हणजे काय अंतर आहे?’ अंतर खरंच थोडं आहे. म्हणूनच लक्ष्य लहान केलंय. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ०.५ मिलिमीटर व्यासाचं असतं, वर्तमानपत्रातल्या पूर्णविरामाएवढं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे दहाच्या ठिपक्यापेक्षा नऊपट रुंद. अख्खा काळा गोल ३०.५ मिलिमीटर. मधून बाहेर जाताना दर अडीच मिलिमीटरला एक गुण कमी होतो. त्यात गुण दशांशात मोजतात, १०.० वेगळा आणि १०.९ वेगळा. असे ६० छर्रे उभ्याने मारायचे. हे आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब यांच्यावरच आहे.

आता ३-९×४० ची दुर्बीण. तीन ते नऊ पट मोठं दाखवते आणि पुढची काच ४० मिलिमीटर व्यासाची, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ. ही दुर्बीण मुळात शिकारीच्या बंदुकीसाठी बेतलेली आहे. पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा सरकला की नेमाची खूण लक्ष्यावरून सरकलेली दिसण्याचा दोष. बहुतेक कारखान्यांत तिचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर जुळवून देतात. तिथे लक्ष्याची प्रतिमा आणि आतल्या तारांची फुली एकाच पातळीवर येतात. १० मीटरवर प्रतिमा मागे-पुढे सरकते. त्यातून दोन गोष्टी होतात. एक, नऊ पटीवर ठेवली की गोल धुकट दिसतो. आमच्या सातवीच्या मुलीची तक्रार हीच. दोन, डोळा दुर्बिणीच्या मधोमध नसला की रायफल न हलताही फुली लक्ष्यावरून सरकते. किती? ४० मिलिमीटरच्या काचेला, १०० यार्डांच्या जुळणीला, १० मीटरवर सर्वांत वाईट हिशोब १७-१८ मिलिमीटरचा येतो. अडीच मिलिमीटरला एक गुण, तर सात गुण गेले. एवढं टोक रोज होत नाही, कारण डोळा फार कडेला गेला की चित्र काळवंडतं आणि आपण सावध होतो. पण त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी चूक झालेली कळतसुद्धा नाही, आणि दोन गुण जायला तेवढी पुरे.

आणखी एक बारीक गोष्ट. अशा दुर्बिणीचं बटण एक क्लिक फिरवलं की साधारणपणे १०० यार्डांवर पाव इंच फरक पडतो. १० मीटरवर तो ०.७ मिलिमीटर. दहाचा ठिपका ०.५ चा. म्हणजे एका क्लिकमध्येच ठिपका ओलांडून पलीकडे!

स्प्रिंगची रायफल असेल तर वेगळंच दुखणं. दाबलेली स्प्रिंग सुटली की रायफल आधी मागे येते आणि दट्ट्या पुढे आपटला की झटक्यात पुढे जाते. बंदुकीच्या दुर्बिणी मागच्या धक्क्याच्या हिशोबाने बनवलेल्या असतात. हा उलटसुलट झटका सोसायला त्या बनवलेल्याच नसतात. आतली फुली सैल होते, काच हलते, कधी अख्खी दुर्बीण खाचेतून मागे घसरत जाते. मग मुलगा म्हणतो, ‘काल इथे लागत होतं, आज तिथे लागतंय,’ आणि आई-बाप म्हणतात, ‘लक्ष नाही तुझं.’

मग एअर रायफलवर दुर्बीण कुठेच नसते का? असते. हलत्या लक्ष्याच्या प्रकारात ती चालते. फील्ड टार्गेट या खेळात तर तीच मुख्य हत्यार, कारण तिथे लक्ष्यं वेगवेगळ्या, न सांगितलेल्या अंतरांवर ठेवलेली असतात आणि दुर्बिणीचं फोकस फिरवून अंतर ओळखायचं असतं. पण ती माणसं बाजूला मोठं चाक असलेली, अगदी जवळपर्यंत फोकस होणारी दुर्बीण घेतात. सेटमध्ये आलेली नव्हे. कुणाला तोच खेळ खेळायचा असेल किंवा शेतावर डबे उडवायचे असतील, तर माझी काही ना नाही. एवढंच, की विकत घेताना पुढच्या काचेभोवती किंवा बाजूला अंतराचं चाक आहे का आणि ते १० मीटरपर्यंत खाली येतं का, हे दुकानातच बघा.

आता रेड डॉट, म्हणजे लक्ष्य मोठं न करता काचेवर नुसता लाल ठिपका दाखवणारी साइट. ‘त्याला पॅरॅलॅक्स नसतो’ हे वाक्य इतक्या वेळा छापलं गेलंय की विकणाऱ्यांनाही ते खरं वाटतं. काचेवर प्रकाशाचं चिन्ह दाखवायची मूळ युक्ती १९०० सालची, आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब या दुर्बीण बनवणाऱ्याची. १९७५ ला स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने विजेवर चालणारा लाल ठिपका बाजारात आणला. दोन्हींमागचं तत्त्व एकच: काच अशी वळवायची की ठिपक्याचे किरण समांतर बाहेर पडावेत, म्हणजे ठिपका फार फार लांब असल्यासारखा दिसावा.

लांब असल्यासारखा म्हणजे कसा? लहानपणी एसटीच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी बघितलंय की चंदोबा आपल्याबरोबर चालतो आणि रस्त्यावरची झाडं मागे पळतात. रेड डॉटचा ठिपका म्हणजे तो चंदोबा आणि १० मीटरवरचा कागद म्हणजे रस्त्याकडेचं झाड. डोळा एक सेंटिमीटर उजवीकडे सरकला की ठिपका त्याच्याबरोबर येतो आणि कागदावर एक सेंटिमीटर उजवीकडे दिसतो. पोरगं त्याला मध्यावर आणायला रायफल डावीकडे नेतं आणि छर्रा तिकडे जातो. २० मिलिमीटरच्या काचेत डोळा मध्यापासून फार तर १० मिलिमीटर सरकू शकतो, त्यापुढे ठिपकाच दिसेनासा होतो. म्हणजे चूक जास्तीत जास्त एक सेंटिमीटर. १०० मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्यासाठी एक सेंटिमीटर कुणी विचारत नाही, आणि तिथल्यासाठी ‘पॅरॅलॅक्स नाही’ म्हटलं तर चालूनही जातं. आमच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे चार गुण. तत्त्व तेच, आकडा तोच, लक्ष्य बदललं.

विश्वास बसत नसेल तर करून बघा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा, वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, ठिपका गोलाच्या मध्यावर आणा. मग रायफलीला हात न लावता डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. ठिपका गोलावर फिरताना दिसेल.

शिवाय ठिपक्याचा आकार. दोन एमओए (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) हा बाजारातल्या बारीक ठिपक्यांपैकी एक. १० मीटरवर तो ५.८ मिलिमीटर जागा झाकतो. नऊ गुणांचं वर्तुळ ५.५ मिलिमीटरचं. म्हणजे नऊ आणि दहा दोन्ही ठिपक्याखाली गडप, नेम कशावर धरायचा? रेड डॉट बनलाय दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन लक्ष्यावर यायला. त्या कामात तो फार चांगला आहे. आमच्याकडे घाई कुणालाच नसते.

पीप साइट ‘जुनी’ आहे हे मात्र खरं. भिंगही जुनंच आहे म्हणा. चष्मा घरी विसरलेले आजोबा मूठ आवळून तिच्या फटीतून एसटीची पाटी वाचतात, ते पीप साइटचंच काम. बारीक भोकातून किरणांची सडपातळ जुडीच डोळ्यात शिरते आणि जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. मागचं भोक साधारण एक-सव्वा मिलिमीटरचं असतं. त्यातून पुढची कडी आणि कडीत काळा गोल, अशी वर्तुळात वर्तुळं बसवायची. दोन वर्तुळांमधली पांढरी पट्टी चहूकडे सारखी आहे का हे माणसाचा डोळा कमालीचं अचूक ओळखतो. पोळपाटावर पोळी मधोमध आहे की नाही हे कुणी पट्टी घेऊन मोजत नाही. आणि डोळा भोकाच्या मधून सरकला तर कड अंधारते, म्हणजे चूक तिथेच सांगितली जाते. मागचं भोक रायफलीला घट्ट आहे, पुढची कडीही घट्ट आहे, त्यामुळे डोळा भोकात आला की रेषा ठरलेली. तिथे चंदोबा नाही.

यातही चुका होतात. नवी मुलं पुढची कडी बारीक घेतात, ‘घट्ट बसली की नेम पक्का’ असं वाटून. बारीक कडीत पांढरी पट्टी दिसेनाशी होते, गोल कडीला चिकटतो, मग मुलं रोखून बघत बसतात आणि घोडा दाबायचा राहून जातो. सुरुवातीला कडी मोठीच घ्यावी, पांढरं भरपूर दिसू द्यावं. मागचं भोकही फार बारीक करू नये. उजेड कमी होतो आणि कडा पसरट दिसायला लागतात. आणि नजर ठेवायची ती पुढच्या कडीवर. काळा गोल किंचित पुसट दिसला तरी बिघडत नाही.

चष्म्याचा मुद्दा वाचून मात्र राग आला. त्या एका ओळीपायी कुणीतरी पोराला घरी बसवलं असेल. चष्मा लावून खेळायला पूर्ण मुभा आहे. डिकेचचा तोच फोटो परत बघा. अडचण एकच: रायफलीवर गाल टेकल्यावर मान कलते आणि रोजच्या चष्म्याच्या कोपऱ्यातून बघावं लागतं. म्हणून नेमबाजांची फ्रेम वेगळी असते, एकाच डोळ्यापुढे गोल काच, हवी तशी फिरवता येणारी. नंबर काढताना डॉक्टरांना सांगायचं की मला मीटरभर अंतरावरची कडी स्वच्छ दिसायला हवी. लांबच्या नंबरात अनेकदा पाव किंवा अर्धा प्लस वाढवला की काम होतं.

गंमत अशी की चष्म्याचा नंबर तिरपा, म्हणजे सिलिंडरचा असेल तर खरी अडचण रेड डॉटलाच येते. ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा दिसतो. फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, तिथे गोल दिसला तर दोष डोळ्याचा आहे. बारीक भोकातून बघितलं की तोच ठिपका बराच नीट होतो. म्हणजे निरोपाने ज्याला हाकललं त्याच मुलाला पीप साइट जास्त उपयोगाची.

सातवीतल्या मुलीच्या वडिलांनी विचारलं, आता ही दुर्बीण परत घेतील का? दुकानदार घेणार नाही, मी आधीच विचारून बघितलं होतं. पण रायफल वाया गेलेली नाही. वर ११ मिलिमीटरची खाच आहे, पीप साइटही त्याच खाचेत बसते. पुढच्या कडीसाठी नळीला जागा आहे. रेंजवरची एक जुनी जोडी तिला वापरायला दिली आणि दुर्बिणीचे चार स्क्रू सैल केले. दुर्बीण वडिलांनी पिशवीत घातली. गच्चीवरून पन्हाळा बघायला ठेवतो म्हणाले.