‘सगळी पार्टिशने ईएक्सटी४ करा’ या सल्ल्याचा प्रतिवाद

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्यांमध्ये एक सल्ला वारंवार फिरतो: ‘प्रत्येक पार्टिशन डोळे झाकून ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. काही चुकले तर नंतर बदलता येते. आत जर्नल असल्यामुळे वीज गेली तरी डेटा जात नाही. आणि फॉरमॅट केले की जुने सगळे कायमचे पुसले जाते.’ ईएक्सटी४ ही लिनक्सची एक फाइल सिस्टिम, म्हणजे पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागावर) फाइली मांडून ठेवण्याची पद्धत. तिच्यावरचा विश्वास अनाठायी नाही; २००८ च्या डिसेंबरात लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.२८ या आवृत्तीत ती स्थिर म्हणून जाहीर झाली आणि रोजच्या वापराच्या संगणकाच्या मूळ पार्टिशनसाठी मीही तीच निवडतो. तरीही या सल्ल्यातले चारही दावे जसेच्या तसे मान्य करता येत नाहीत.

‘प्रत्येक पार्टिशन’ येथेच पहिली अडचण येते. यूईएफआय या आजच्या प्रचलित पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकाचे फर्मवेअर (त्यात कायम बसवलेला प्रोग्रॅम) डिस्कवरचा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) ज्या पार्टिशनवर शोधते, ते फॅट नावाच्या फाइल सिस्टिमच्या कुळातलेच असावे लागते. ते ईएक्सटी४ केले तर सहसा संगणक सुरूच होत नाही. विंडोजशी देवाणघेवाण करायच्या पेनड्राइव्हवरही ईएक्सटी४ निरुपयोगी ठरते. तेथे फॅट३२ चालते, पण तिच्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही, म्हणून एक्सफॅट बरी. कर्नल ५.७ पासून, म्हणजे २०२० पासून, तिचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

‘नंतर बदलता येते’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. काही गोष्टी खरोखरच बदलता येतात: ईएक्सटी४ रूट (सर्व अधिकार असलेल्या) वापरकर्त्यासाठी मुळात ५ टक्के जागा राखून ठेवते, ४ टीबीच्या डिस्कवर ती सुमारे २०० जीबी होते, आणि निव्वळ साठवणुकीच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस’ या आदेशाने ती कधीही कमी करता येते. आयनोडचे, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचे, मात्र तसे नाही. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांचे प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरून जाते; नेहमीच्या मांडणीत दर १६ केबी जागेमागे एक. १०० जीबीच्या पार्टिशनवर त्यामुळे सुमारे ६५ लाख आयनोड मिळतात. आता त्यावर दोन-तीन केबीच्या असंख्य फाइली साठू लागल्या, तर प्रत्येक फाइल ४ केबीचा एक ब्लॉक घेते आणि जेमतेम २५ जीबी भरताच आयनोड संपतात. ‘डीएफ’ आदेश भरपूर जागा शिल्लक दाखवतो, पण नवी फाइल लिहायला गेले की जागा नसल्याची तक्रार येते. हे प्रमाण मागाहून बदलता येत नाही. पार्टिशन वाढवणे, नाहीतर डेटा हलवून ते पुन्हा फॉरमॅट करणे, एवढेच हाती उरते. एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम आयनोड लागतील तसे तयार करते, म्हणून तिथे ही वेळ सहसा येत नाही. पण एक्सएफएसचे पार्टिशन वाढवता येते, हवे तसे लहान करता येत नाही. म्हणजे तिचीही निवड आधीच विचार करून करावी लागते.

जर्नलबद्दलचा गैरसमज त्याच्या नावातूनच झाला असावा. नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी४ चे जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइलींचा मजकूर नोंदवत नाही, फक्त फाइल सिस्टिमच्या रचनेतले बदल नोंदवते. अचानक वीज गेल्यावर ती रचना सुसंगत राहते आणि लांबलचक तपासणी टळते, हे खरे. पण त्या क्षणी मेमरीत असलेला, डिस्कवर न पोहोचलेला मजकूर गेलाच. शिवाय डिस्कवर शांतपणे बिघडलेला मजकूर ईएक्सटी४ ला ओळखता येत नाही, कारण ती मजकुराचे चेकसम (मजकूर बदलला का हे पडताळणारे आकडे) ठेवत नाही. बीटीआरएफएस ही आणखी एक फाइल सिस्टिम ते ठेवते: डेटाची एकच प्रत असेल तर वाचताना ती त्रुटी दाखवते, दोन डिस्कवर प्रती असतील तर चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. म्हणूनच वर्षानुवर्षांची छायाचित्रे ठेवायच्या डिस्कसाठी मी तिचा विचार आधी करेन. वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप मात्र दोन्हींत लागतोच.

राहिला पुसण्याचा मुद्दा. ‘एमकेएफएस’ हा फॉरमॅट करण्याचा आदेश मुख्यतः नवी रचना लिहितो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर जुना मजकूर बराचसा तसाच राहतो आणि पुनर्प्राप्तीच्या साधनांनी वाचता येतो, त्यामुळे डिस्क दुसऱ्याला देण्यापूर्वी ती संपूर्ण अधिलिखित करावी. एसएसडीवर नेमके उलटे होऊ शकते: ‘एमकेएफएस’ अनेकदा ट्रिमचा (ही जागा आता वापरात नाही असे एसएसडीला कळवण्याचा) आदेशही देतो, आणि चुकीचे पार्टिशन फॉरमॅट झाले तर परत मिळवण्यासारखे फारसे उरत नाही. एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. म्हणून फॉरमॅटचा आदेश देण्याच्या अगदी आधी ‘एलएसबीएलके’ हा डिस्कची यादी दाखवणारा आदेश योग्य पर्यायांसह चालवून आकार, लेबल आणि सध्याची फाइल सिस्टिम पाहावी.