‘फोल्डर उडवा, सेव्ह परत येतात’: नाही येत

मुलांना मे महिन्याची सुट्टी लागली की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. या वर्षी मला तो तीन ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या घरच्यांचाच. मेसेज असा आहे:

‘गेम उघडत नाही? मधेच बंद पडतो? आधी गेम अनइन्स्टॉल करा. मग ॲपडेटा आणि डॉक्युमेंट्समध्ये जाऊन त्या गेमच्या नावाचे सगळे फोल्डर उडवा. स्टोअरवरून घेतलेला गेम असेल तर सेटिंग्जमधलं रीसेट बटण दाबा. रजिस्ट्री क्लीनर चालवा. गेम पुन्हा टाका. सेव्ह क्लाउडवर असतात, लॉगिन केलं की परत येतात. नाहीच आले तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढता येतात. १०० टक्के खात्रीचा उपाय.’

माझ्या बहिणीच्या घरी या मेसेजप्रमाणे एकेक पायरी करण्यात आली. भाची अकरा वर्षांची आहे. ती आणि तिचा मोठा भाऊ मिळून दोन वर्षं माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या गेममध्ये एक गाव बांधत होते: नदी, नदीवर कमानींचा दगडी पूल, पलीकडे रेल्वे. गेम अडकायला लागला म्हणून मेहुण्यांनी मेसेज वाचून सगळं केलं, आणि गेम खरंच सुरू झाला. मग भाचीचा फोन आला. ‘मामा, आमचं गाव यादीत नाहीये. यादीच नाहीये. थेट नवीन जग बनवा म्हणतंय.’ मेहुण्यांनी तिच्यासाठीच केलं होतं सगळं, त्यामुळे त्यांना काही बोलण्यातही अर्थ नव्हता. चूक मेसेजची आहे. म्हणून तो वाक्यावाक्याने खोडून काढतोय.

‘आधी गेम अनइन्स्टॉल करा.’ यात धोका कमी आहे, पण उपयोगही कमी. कॉम्प्युटरवरच्या गेमचे ढोबळमानाने तीन भाग असतात. एक, मूळ गेम, म्हणजे चित्रं, आवाज, प्रोग्राम, जे सगळं पुन्हा डाउनलोड होतं. दुसरा, तुमची सेटिंग्ज. तिसरा, तुमचा सेव्ह, म्हणजे गेममध्ये तुम्ही कुठवर पोचलात, काय बांधलंत याची नोंद, जी जगात फक्त तुमच्याकडे असते. अनइन्स्टॉल केल्यावर बहुतेक वेळा पहिला भाग जातो आणि बाकीचे दोन मशीनवर राहतात. बिघाड मात्र पुष्कळदा दुसऱ्या भागात असतो. त्यामुळे ५०-६० जीबीचा गेम रात्रभर पुन्हा उतरवूनही सकाळी तो तिथेच अडकतो.

शिवाय मूळ गेमच खराब झाला असेल तरी तो काढावा लागत नाही. स्टीमवर, म्हणजे गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या ॲपवर, गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्स या भागात फाइल्स तपासण्याचं बटण असतं. ते प्रत्येक फाइल मूळ यादीशी ताडून पाहतं आणि तुटलेल्या किंवा गायब झालेल्या तेवढ्याच पुन्हा आणतं. डॉक्युमेंट्स किंवा ॲपडेटा (प्रोग्राम आपला डेटा ठेवतात तो विंडोजचा फोल्डर) यांतल्या सेव्हला हात लावत नाही. पहिला उपाय हाच करावा. आणि एक गोष्ट कधीच करू नये: गेम बिघडला म्हणून अख्खं स्टीमच अनइन्स्टॉल करणं. त्याच्या फोल्डरमध्ये ठेवलेले सगळे गेम त्याच्यासोबत पुसले जातात.

‘गेमच्या नावाचे सगळे फोल्डर उडवा.’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ते खोटं असूनही खरं वाटतं. का वाटतं, ते जीटीए सॅन अँड्रियासवरून सांगतो. कॉम्प्युटरवर हा गेम २००५ मध्ये आला आणि आपल्याकडे सायबर कॅफेपासून घरच्या जुन्या पीसीपर्यंत सगळीकडे पोचला. आजही लोक खेळतात. त्याचं एक नेहमीचं दुखणं म्हणजे गेम चालू होतो, पण माउस हलतच नाही. अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला तरी माउस तसाच. मग माणूस वैतागून डॉक्युमेंट्समध्ये जातो, ‘जीटीए सॅन अँड्रियास यूजर फाइल्स’ हा फोल्डर उडवतो, गेम चालू करतो, आणि माउस हलायला लागतो! इथे त्या माणसाचा मेसेजवर विश्वास बसतो.

आता तो फोल्डर उडवण्याआधी उघडून बघा. आत सेव्हच्या फाइल्स आहेत, एक ते आठ आकड्यांच्या, गेममधल्या आठ जागांना आठ. शेजारी गॅलरी आणि यूजर ट्रॅक्स हे दोन फोल्डर. आणि तिथेच एक बारकीशी फाइल, ‘जीटीए अंडरस्कोर एसए डॉट सेट’. सेटिंग्ज तिच्यात असतात आणि माउस तिने अडवलेला असतो. ती एकटी काढली की गेम पुढच्या वेळी नवी कोरी सेट फाइल बनवतो आणि माउस चालतो. आठही सेव्ह जागेवर. एका फाइलचं काम होतं आणि मेसेजने अख्खं कपाट जाळायला सांगितलं. व्हाइस सिटीचंही असंच आहे, तिचा यूजर फाइल्स फोल्डर वेगळा आणि सेट फाइलही वेगळी.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर हे आणखी महागात पडतं. तिचं सगळं सामान ॲपडेटाच्या आत ‘डॉट माइनक्राफ्ट’ या एकाच फोल्डरमध्ये असतं. त्यात व्हर्जन्स, लायब्ररीज, ॲसेट्स हे फोल्डर पुन्हा डाउनलोड होणारे. ऑप्शन्स नावाची टेक्स्ट फाइल म्हणजे सेटिंग्ज. मॉड्स म्हणजे तुम्ही वरून घातलेलं सामान, आणि गेम मधेच बंद पडण्याचं कारण अनेकदा इथेच सापडतं. आणि सेव्हज. सेव्हजच्या आत प्रत्येक जगाचा एकेक फोल्डर, त्यात लेव्हल डॉट डॅट ही मुख्य फाइल, आणि रीजन नावाच्या फोल्डरमध्ये जमिनीचे तुकडे. एकेक रीजन फाइल म्हणजे ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा प्रदेश. भाचीची नदी, पूल आणि रेल्वे अशा मोजक्या फाइल्समध्ये मावलेली होती. आख्खं गाव पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात बसलं असतं.

तिच्या भावाने शहाणपणा करून गेममधलंच बॅकअपचं बटण दोन-तीनदा दाबलं होतं. पण त्या बटणाने बनणाऱ्या झिप फाइल्स जातात ‘बॅकअप्स’ नावाच्या फोल्डरमध्ये, आणि तो फोल्डरही त्याच डॉट माइनक्राफ्टच्या पोटात. त्यांचे स्क्रीनशॉटही तिथेच. एका डिलीटने मूळ आणि प्रत दोन्ही गेले. मुलाने काळजी घेतली होती, हे मला फार लागलं. म्हणून सांगतो, प्रत नेहमी दुसऱ्या जागी ठेवा.

मग रीसेट करायचा कसा? फोल्डर डिलीट करायचा नाही, त्याचं नाव बदलायचं. गेम आणि लाँचर (गेम सुरू करणारं ॲप) पूर्ण बंद करा, घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांतही राहिलाय का बघा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून ॲपडेटा असं इंग्रजीत टाइप करा. जो फोल्डर येतो तो एरवी लपवलेला असतो, म्हणून बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. तिथे डॉट माइनक्राफ्टची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. मग मूळ फोल्डरच्या नावापुढे ‘जुना’ लिहा. लाँचर सुरू केलात की त्याला आपला फोल्डर सापडत नाही आणि तो नवा बनवतो. लॉगिन पुन्हा मागेल कदाचित, तेवढं करा. गेम नीट चालला की बंद करा आणि जुन्यातला फक्त सेव्हज नव्यात आणून ठेवा. चालला नाही, तर दोष सेव्हमध्ये किंवा सेटिंग्जमध्ये नव्हताच, हे एकही गोष्ट न गमावता कळलं. नावं पुन्हा पहिल्यासारखी करा आणि दुसरीकडे शोधा. एक सावधगिरी: जग मॉड्स घालून बांधलेलं असेल तर मॉड्सशिवाय त्याची मूळ प्रत उघडू नका, मॉडमधले ठोकळे त्यातून नाहीसे होतात.

याच लपवलेल्या फोल्डरमुळे लॅपटॉप फॉरमॅट करतानाही सेव्ह जातात. माझे स्वतःचे एकदा गेलेत. दुरुस्ती करणाऱ्याने विचारलं, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स काढून घेऊ ना? मी हो म्हणालो. ॲपडेटा दोघांच्याही डोक्यात नव्हता.

‘सेटिंग्जमधलं रीसेट बटण दाबा.’ इथे शेजारी शेजारी दोन बटणं असतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग त्या गेमसमोरचे तीन ठिपके, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे रिपेअर आहे आणि रीसेट आहे. रिपेअरला तुमच्या डेटाला धक्का लागत नाही. रीसेटने ॲपचा डेटा पुसला जातो, आणि हे बटणाच्या वरच लिहिलेलं असतं. मेसेज लिहिणाऱ्याने ती ओळ वाचली नाही. फोनवर ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ यांत जो फरक, तोच हा. आधी रिपेअर. रीसेट अगदी शेवटी, आणि सेव्ह दुसरीकडे काढून ठेवल्याशिवाय नाही. विंडोजच्या स्टोअर पद्धतीच्या ॲप्सचं आणखी एक: ते अनइन्स्टॉल केलं की त्याच्या खास फोल्डरमधला डेटाही सोबत जातो. म्हणजे वर मी अनइन्स्टॉलमध्ये धोका कमी म्हटलं, ते या ॲप्सना लागू नाही.

‘रजिस्ट्री क्लीनर चालवा.’ नका चालवू. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही. खुद्द मायक्रोसॉफ्टच असल्या क्लीनरना पाठिंबा देत नाही. आणि युनिटी या इंजिनवर बनलेले अनेक छोटे गेम आपली सेटिंग्ज, काही वेळा तर कितव्या लेव्हलला पोचलात तेही, रजिस्ट्रीतच लिहून ठेवतात. ‘गेम काढलाय, आता ही नोंद फालतू’ असं समजून क्लीनरने ती उडवली तर तुमची प्रगती गेली.

‘सेव्ह क्लाउडवर असतात.’ क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, काहींचे असतात. माइनक्राफ्ट जावाची तुम्ही एकट्याने बांधलेली जगं आपोआप कुठल्याच क्लाउडवर जात नाहीत. लॉगिन तुमचं खातं ओळखतं, गाव ओळखत नाही. स्टीमवर क्लाउड द्यायचा की नाही हे त्या त्या गेमचा निर्माता ठरवतो. गेमच्या स्टोअर पानावर उजवीकडच्या यादीत ‘स्टीम क्लाउड’ लिहिलंय का ते बघायला अर्धा मिनिट लागतो.

पण क्लाउड असला तरी तो तिजोरी नव्हे. दोन्हीकडे सारखं ठेवणं एवढंच त्याचं काम. तुम्ही इथे पुसलंत तर तिथेही पुसलं जाऊ शकतं. कधी कधी इथला आणि तिथला सेव्ह जुळत नाही, तेव्हा स्टीम एक खिडकी दाखवून विचारतं: या मशीनवरचा ठेवू की क्लाउडवरचा? घाईत चुकीचा निवडला की शंभर तासांच्या सेव्हवर पाच मिनिटांचा नवा सेव्ह बसतो. त्या खिडकीत तारखा आणि वेळा दिलेल्या असतात, त्या वाचा. आणि कुठलाही प्रयोग करण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्या गेमचा क्लाउड बंद करा. काम झालं, सेव्ह जागेवर दिसला, की पुन्हा चालू करा. क्लाउडवर नेमकं काय आहे ते ब्राउझरमध्ये स्टीम खात्यात जाऊन बघता येतं, तिथून फाइल्स उतरवूनही घेता येतात.

काही गेम स्वतःच थोडी काळजी घेतात. स्टारड्यू व्हॅलीमध्ये रात्री झोपायला गेलात की दिवस सेव्ह होतो, आणि आदल्या दिवसाची फाइल नावापुढे ‘ओल्ड’ लावून त्याच फोल्डरमध्ये राहते. आजची बिघडली तर कालच्या फाइल्सच्या नावातलं ‘ओल्ड’ काढून शेत परत मिळतं, एक दिवस जातो फक्त. मेसेजप्रमाणे फोल्डर उडवलात तर कालही गेला.

‘रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढता येतात.’ हे वाक्य वाचून लोक निर्धास्तपणे डिलीट दाबतात, म्हणून माझा त्यावर राग आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी ड्राइव्ह असते. फाइल डिलीट झाली की विंडोज ड्राइव्हला ट्रिमची सूचना देतं, म्हणजे ही जागा आता रिकामी धर, आणि ड्राइव्ह ती आतून साफ करून टाकते. मग सॉफ्टवेअर शोधणार काय? जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आशा असते, पण तिथेही मेसेजचा क्रमच घात करतो: आधी डिलीट, लगेच त्याच डिस्कवर कित्येक जीबीचा गेम पुन्हा टाका. पुसलेल्या पाटीवर नवं लिहिल्यासारखंच ते.

तरी कुणाचं नुकतंच गेलं असेल तर मशीनवर काहीही नवीन टाकणं थांबवा आणि आधी रीसायकल बिन बघा. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला जोडलेला असेल तर वनड्राइव्हचा वेगळा रीसायकल बिन ब्राउझरमध्ये उघडा, घरगुती खात्यावर तिथे डिलीट झालेलं ३० दिवस राहतं. फाइल हिस्टरी ही विंडोजची प्रती ठेवायची सोय चालू ठेवली असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या मिळतात का पाहा.

भाचीच्या बाबतीत यातलं काहीच लागू पडलं नाही. एसएसडी होती, बिनही रिकामा केला होता, आणि ॲपडेटा वनड्राइव्हवर जात नाही. वाचले ते दोन फोटो. गेल्या दिवाळीत तिच्या भावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवलेले, एक पुलाचा आणि एक स्टेशनचा. ते मी तिला परत पाठवले. तिने पुलाच्या फोटोवर कमानी मोजल्या, सात निघाल्या, आणि नव्या जगात नदी शोधून पहिल्या कमानीचे दगड लावायला घेतलेत. सेव्हज फोल्डर पेन ड्राइव्हवर कसा घ्यायचा ते तिला फोनवर सांगितलं. तिने पेन ड्राइव्हला चिकटपट्टी लावून त्यावर तारीख लिहिली आहे, आणि तो ती वडिलांकडे न देता स्वतःच्या कंपासपेटीत ठेवते.