दूरची विंडो उघडू नये म्हणून

एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनशी केलेल्या सुरक्षित जोडणीवरून, एक्स११ फॉरवर्डिंग करायला, म्हणजे तिथल्या प्रोग्रामची विंडो आपल्या पडद्यावर आणायला निघालाच आहात, तर ते नीट बिघडवा. अर्धवट बिघाड कुणीही दुरुस्त करतं.

'कॅन्ट ओपन डिस्प्ले' ही ओळ दिसली की ती वाचायची नाही. वाचलीत तर विंडो कोणत्या पडद्यावर उघडायची हे सांगणारं डिस्प्ले हे व्हेरिएबल तपासावंसं वाटेल आणि उरलेला दिवस रिकामा जाईल. त्यापेक्षा दूरच्या सर्व्हरवरच्या बॅशआरसीत, म्हणजे शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, ते हातानं लिहून टाका: कोलन शून्य, म्हणजे त्या सर्व्हरचा स्वतःचाच पडदा. एसएसएच बिचारं स्वतःहून तिथे 'लोकलहोस्ट कोलन १०' भरतं, ६०१० पोर्टवर कान लावून बसतं. पण त्याचं ऐकायचं तर आपला अनुभव काय कामाचा? बॅशआरसी नंतर वाचली जाते, म्हणून जिंकते तुमचीच ओळ. लिहा आणि विसरून जा. तुमच्यानंतर येणाऱ्यालाही शोधायला काहीतरी हवं ना!

सर्व्हरवर एक्सऑथ, म्हणजे पडद्यावर येण्याचा परवाना असलेली कुकी सांभाळणारा प्रोग्राम, आहे का, हे बघायचा मोह आवरा. ते एवढंसं पॅकेज नसेल तर फॉरवर्डिंग सुरूच होत नाही, पण म्हणून काय तेवढंच टाकायचं? आख्खा डेस्कटॉप टाका. एक्सचा, म्हणजे विंडो दाखवणाऱ्या यंत्रणेचा, सर्व्हर तुमच्यासमोरच्या मशीनवर चालतो आणि दूरचा प्रोग्राम त्याचा क्लायंट असतो, हे गणित १९८७ साली अकरावी आवृत्ती आली तेव्हाही असंच उलटं होतं. इतकी वर्षं नाही समजलं, आणखी थोडी गेली तर काय बिघडलं?

एसएसएचडीच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या एसएसएच सेवेच्या, कॉन्फिगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग 'येस' करा, पण रीलोड मात्र नको.

मग सुडो मारा, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावानं प्रोग्राम चालवा. कुकी तुमच्या होममधल्या एक्सऑथॉरिटी फाइलमध्ये, रूटचं होम वेगळं, त्यामुळे बहुधा प्रवेश बंद. यावर जाणकारांचा रामबाण म्हणजे आपल्या मशीनवर 'एक्सहोस्ट अधिक'. त्यानं पडद्याचा पहारा उठतो, आणि काम तरीही होत नाही, कारण फॉरवर्ड झालेल्या कनेक्शनची कुकी एसएसएच स्वतःच तपासतं. सुरक्षा गेली, विंडोही नाही: असा दुहेरी लाभ विरळा.

एसएसएचच्या आज्ञेला 'वजा व्ही' लावू नका. कुठे काय अडलं ते एसएसएच सगळं ओकून टाकतं, गंमतच जाते.

एवढं करूनही विंडो उघडलीच, तर धीर सोडू नका. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांत एसएसएचच्या आज्ञेतला फॉरवर्डिंगचा मोठा एक्स हा पर्याय पूर्ण विश्वास टाकणाऱ्या मोठ्या वायइतकाच विश्वासू मानतात, तिथे इलाज नाही. इतरत्र मोठ्या एक्सनं जोडलं असेल तर २० मिनिटांनंतरची नवी विंडो एसएसएच आपसूक नाकारतं. तेव्हा ग्रुपवर फक्त एवढंच टाका: "आत्ता तर चालत होतं, नेटवर्कवाल्यांनी काहीतरी केलंय."